कप्प्याची साक्ष

प्रिय ठकू,

एकाच घरात राहून लेकीला पत्र लिहिणारा बाप कधी पाहिला आहेस का? आता बघ. सकाळी साडेआठला तू विम्याच्या कचेरीत गेलीस आणि जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावून गेलीस : ‘बाबा, डबा दुसऱ्या फळीवर. गरम करताना झाकण काढा. गॅस बंद केला का ते दोनदा बघा.’ शेवटच्या वाक्याखाली रेघ. ती रेघ बघून मी कागद-पेन शोधून काढलं. गेले दहा दिवस तुझ्याशी बोलायचं म्हणून मी तोंड उघडतो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून मिटतो. जरा कुठे सुरुवात करावी तर तू खांद्यावर हात ठेवतेस, ‘असू दे बाबा, त्रास नका करून घेऊ’ म्हणतेस आणि पुढचं सगळं राहूनच जातं. कागद असा मध्येच हात ठेवत नाही, म्हणून कागदाला शरण आलो. कोर्टातल्या त्या दिवसाबद्दल आपण दोघं आजवर नीट बोललेलो नाही. आज मी तेवढंच बोलणार आहे.

सुरुवात फार मागून करतो, कारण जे मी कोर्टात सांगायला हवं होतं ते निदान तुला तरी क्रमाने कळावं. सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीत मी संगणकाचा वर्ग सुरू केला तेव्हा माझ्याकडे यंत्रं दोन आणि विद्यार्थी अठरा होते. दोघं बसायचे, सोळा जण माना उंचावून बघायचे. ते बघून शिकणं काही खरं नव्हतं. म्हणून मी कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावलं आणि सांगितलं की भिंतीला लागून एक लाकडी मांडणी करून दे, छोट्या छोट्या खणांची, पोस्टात पत्रं लावायला असते तशी. त्याने कानावरची पेन्सिल काढली, भिंत मोजली आणि विचारलं, ‘मास्तर, कप्पे किती करू?’ मी म्हटलं, चोवीस कर. त्या मांडणीसमोर माझा वर्ग कागदावर संगणक शिकला. चिठ्ठी म्हणजे फाइल. चिठ्ठीवर नाव घालायचं आणि ती ठरल्या कप्प्यात ठेवायची. मी तोंडाने हुकूम सोडायचो, पोरापोरींनी, कारकुनांनी, दोन निवृत्त आजोबांनी उठून चिठ्ठ्या हलवायच्या. कप्प्यात छोटा डबा ठेवला की कप्प्यातला कप्पा. यंत्रापाशी बसायची पाळी आली की तीच माणसं पडद्याकडे बोट दाखवून म्हणायची, ‘सर, ही कुठल्या कप्प्यात टाकू?’ मी कुणालाही हा शब्द शिकवला नाही. सुतार म्हणाला, वर्ग म्हणाला, म्हणून मीही म्हणू लागलो.

पुढे मी ते छोटं पाठ्यपुस्तक लिहिलं. प्रकाशकाने मुखपृष्ठावर ‘संपादक मंडळ’ छापलं. मंडळ कुठलं आलंय, मी आणि तुझी आई! ती हस्तलिखित सुवाच्य करायची आणि मी लांबण लावली की पेन्सिलीने काट मारायची. पुस्तकासोबत सरावासाठी मी संगणकात घालायची एक चकती, म्हणजे फ्लॉपी, तयार केली होती, तिला नाव दिलं ‘कप्पा’. करारावर सही करताना वाचायची असते हे मला त्या वयातही ठाऊक होतं, पण पुस्तक निघतंय या आनंदात मी डोळे मिटून सही ठोकली. पुस्तक, चकती, नाव, सगळं प्रकाशकाचं झालं. परिभाषेची सरकारी समिती बसली तेव्हा मी तिला एकशे चाळीस शब्दांची यादी पाठवली, ती अकरा महिन्यांनी एका ओळीच्या पत्रासह परत आली. घरात तुझे काका मला ‘बटणमास्तर’ म्हणायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. ठकू, मला ते अजिबात हसू येत नव्हतं. तीस वर्षांत माझ्या हाताखालून हजारो माणसं गेली आणि एकाही माणसाने कधी असं म्हटलं नाही की मास्तर, हे तुमच्यामुळे. ही माझी बाजू म्हणून सांगत नाही. त्या दिवशी माझ्या आत काय ठसठसत होतं ते तुला माहीत असावं, एवढंच.

तू ‘आरोग्यकप्पा’ काढलास तेव्हा मला विचारलंही नव्हतंस. विचारण्यासारखं होतं काय? छोट्या दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम, प्रत्येक रुग्णाचा एक कप्पा, त्यात त्याचे रिपोर्ट, औषधं, तारखा. इतका सोपा की डोळे अधू झालेल्या डॉक्टरांनाही मदतीशिवाय उघडता यायचा. दोनशेच्या वर दवाखाने झाले, तू दोघी मैत्रिणींना कामाला घेतलंस, तळमजल्यावर एक खोली घेतलीस आणि दारावर स्वतःच्या हाताने पाटी रंगवलीस. सात वर्षं सुखाने चाललं. मग त्या कंपनीची नोटीस आली की ‘कप्पा’ हा आमचा ट्रेडमार्क आहे, तो वापरणं तात्काळ थांबवा. आपण दोघं खो खो हसलो होतो, आठवतं? तू म्हणालीस, ‘उद्या हे ‘बटण’ पण घेतील, मग तुमचं काय होणार बाबा?’ जी कंपनी काल-परवा लोकांचे फोटो साठवायच्या धंद्यात आली ती म्हणे कप्प्याची मालकीण. मोबाइल दुरुस्त करणाराही म्हणतो, कप्पा भरलाय तुमचा, थोडा रिकामा करा. शेजारच्या काकू म्हणतात. वर्तमानपत्रात छापून येतं. हसण्यासारखंच होतं ते. तिसऱ्या नोटिशीनंतर आपण हसायचे थांबलो.

आपल्या वकिलांनी तुझ्या त्या खोलीत बसून खटला कसा सोपा करून सांगितला होता! कंपनीला दोन गोष्टी दाखवाव्या लागतील, ते म्हणाले. एक, हा शब्द रोजच्या बोलण्यातला नाही, कुणीतरी मुद्दाम घडवलेला आहे. आणि दुसरी, तो तुमच्या आधीपासून त्यांच्याकडे आहे. दोन्ही त्यांना जमणार नाही, कारण शब्द सगळ्यांचाच आहे. तुम्ही तिघींनी महिनाभर पायाला भिंगरी लावून पुरावे गोळा केलेत. दुकानांच्या पाट्यांचे फोटो, जुनी मासिकं, माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्या. तीन साक्षीदार झाले, तिघेही चोख बोलले. चौथा मी. माझ्याकडून फक्त एक वाक्य हवं होतं : हा शब्द लोक आधीपासून बोलत होते, त्यांच्या तोंडून ऐकून मी पुस्तकात घेतला. जेवणाच्या टेबलावर आठ दिवस तू माझ्याकडून ते घोकून घेतलंस. उलटतपासणी करायला तू वकील व्हायचीस, नाकावर चष्मा ओढून भुवया चढवायचीस आणि मी मुद्दाम वाकडी उत्तरं देऊन तुला चिडवायचो. तू वैतागून म्हणायचीस, ‘बाबा, कोर्टात असा आगाऊपणा केलात तर बघा हं!’

त्या सकाळी तू माझ्या शर्टाला इस्त्री केलीस. कोर्टाची ती खोली किती लहान होती, नाही? मला वाटलं होतं सिनेमासारखी असेल. पंखा कुरकुरत होता, न्यायाधीशांच्या टेबलावर औषधाची बाटली होती आणि तू दुसऱ्या बाकावर टोकाला बसली होतीस. आपल्या वकिलांनी विचारलं, मी घोकलेलं वाक्य म्हणालो. उत्तम झालं. मग त्यांची वकीलबाई उठली. मी कंबर कसून तयार होतो. आरडाओरडा करेल, बोलण्यात पकडेल, अशी वाट बघत होतो. तिने टेबलावरून माझं पुस्तक उचललं. आत सात-आठ ठिकाणी खुणेच्या पट्ट्या होत्या. तिने ते वाचलं होतं, ठकू. ती म्हणाली, ‘सर, यावर आपलं नाव नाही, पण हे आपणच लिहिलंय ना?’ मी म्हटलं, हो. ती म्हणाली, ‘माझी आई याच पुस्तकावरून संगणक शिकली. इतकं सोपं करून सांगणारं दुसरं पुस्तक मी पाहिलं नाही.’ खरं की खोटं, देव जाणे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग तिने कप्प्यांच्या धड्याचं बाविसावं पान उघडून मोठ्याने वाचलं. भरल्या कोर्टात, सावकाश, एकही शब्द न गाळता. सगळे ऐकत होते. न्यायाधीशांनीसुद्धा मान वर केली. आणि ती म्हणाली, ‘त्या काळी सगळे इंग्रजी शब्दच वापरायचे. ‘कप्पा’ ही कल्पना आपल्यालाच सुचली असणार, सर. याआधी कुणी असं म्हटल्याचं आपल्याला माहीत आहे?’

आपले वकील अर्धे उठले, न्यायाधीशांनी त्यांना हाताने बसवलं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू ‘नको’ म्हणून मान हलवत होतीस, अगदी थोडी, दुसऱ्या कुणाला दिसू नये इतकी. मला ती दिसली. पुढचं नीट वाच. प्रश्न मला व्यवस्थित ऐकू आला होता. त्याचा अर्थ कळला होता. हो म्हटलं तर काय होईल हे आठ दिवस तूच मला समजावलं होतंस आणि ते त्या क्षणी लख्ख आठवत होतं. सुतारही आठवत होता, त्याची कानावरची पेन्सिलही. तरी मी म्हणालो, ‘हो. हा शब्द माझा आहे. माझ्याआधी कुणी तो वापरलेला नाही.’ आवाजही कापला नाही. उलट मी जरा ताठ उभा राहिलो. आयुष्यात एकदा तरी एक गोष्ट माझी म्हणून लिहिली जाणार होती, खाली बसलेला कारकून ती टकटक लिहीत होता, आणि तेवढ्या आवाजासाठी मी तुझी सात वर्षं देऊन टाकली. पुढचं तिला सोपं होतं. तिने चकती काढली, करार काढला, प्रकाशकाकडून कंपनीने सगळे हक्क विकत घेतल्याचा कागद काढला. शब्द घडवलेला, घडवणारा समोर उभा, आणि त्याची सही तुझ्या प्रोग्रॅमच्या कितीतरी वर्षं आधीची. आपल्या वकिलांनी मला परत विचारून सावरायचा प्रयत्न केला, ‘आधी तर तुम्ही वेगळं म्हणालात,’ तर मी कारकुनाच्या कागदाकडे बघत राहिलो.

बाहेर व्हरांड्यात तू माझा दंड धरलास. तू भडकली असतीस तर बरं झालं असतं. तुझा चेहरा पांढरा पडला होता आणि तू विचारलंस, ‘बाबा, प्रश्न नीट कळला नाही का तुम्हाला? गोंधळलात का?’ तूच मला दार उघडून दिलंस आणि मी त्यातून पळ काढला. मी तुझ्याकडे बावळटासारखं बघून म्हणालो, ‘काय विचारलं गं तिने?’ तुझी आई असती तर तिने मला तिथल्या तिथे ओळखलं असतं. तू मात्र मला जवळ घेतलंस आणि रडलीस. माझ्यासाठी रडलीस, खटल्यासाठी नाही. कोर्टातल्या पहिल्या खोटेपणाला निदान गर्वाचं कारण होतं. या दुसऱ्याला भित्रेपणाशिवाय काही कारण नाही.

निकाल लागला आणि दोन आठवड्यांत तुझी खोली रिकामी झाली. पडद्यावरून, नावातून, कागदांवरून तो शब्द काढायचा हुकूम होता. तू काढलासही, एकेका बटणावरून, पण तोवर कंपनीची माणसं दवाखान्यादवाखान्यांत जाऊन सांगून आली होती की यांचा प्रोग्रॅम बेकायदा ठरलाय. दवाखाने पटापट गळाले. मैत्रिणींना तू स्वतः दुसरीकडे नोकऱ्या बघून दिल्यास आणि मग तू विम्याच्या कचेरीत लागलीस. एक म्हाताऱ्या नर्सबाई अजून फोन करतात, ‘ताई, आमच्या पेशंटांचे कप्पे परत कधी चालू होतील?’ आणि तू त्यांना न चिडता समजावतेस. त्या वेळी मी शेजारच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसलेला असतो. नातेवाइकांत कुणी माझ्याबद्दल वाकडं बोललं की तू त्यांचं तोंड बंद करतेस : ‘बाबांना आठवत नाही आता. वय झालंय.’ तुझ्या काकांनी परवा फोन केला आणि लहान मुलाशी बोलावं तसे माझ्याशी मोठ्याने, तोडून तोडून बोलले. बटणमास्तर म्हणाले नाहीत. मला तेही चालेना.

मग तू मला डॉक्टरांकडे नेलंस. तिथे तरी मी थांबायला हवं होतं. त्यांनी चेंडू, नदी, खुर्ची असे तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. मी नदी म्हणालो आणि छताकडे बघत बसलो. घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. मी आकडे एका बाजूला गर्दी करून काढले आणि काटे मुद्दाम चुकवले. बाजूच्या खुर्चीवर तुझा हात तोंडावर गेलेला मला दिसत होता. तीस वर्षं मी विद्यार्थ्यांच्या चुका तपासल्या, ठकू. पटण्यासारखी चूक कशी दिसते ते मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं. तेव्हापासून घरभर तुझ्या चिठ्ठ्या लागल्या. चहा. साखर. बाबांचे मोजे. रोज संध्याकाळी तू गोळ्या हातावर ठेवतेस आणि मी त्या गिळतो. त्यांनी मला मळमळतं. शिक्षा म्हणून तरी आपल्याला काहीतरी होतंय, असं वाटून मी घेत राहिलो. हाही एक ढोंगीपणाच, कारण मला खरी भीती होती ती वेगळीच. तू इतक्या मायेने माझ्याशी कधीच वागली नव्हतीस. ही माया सुटेल, ही भीती.

तुला वाटेल, अपिलाच्या वेळी तरी बाबा बोलले असते. तेव्हा आपल्या वकिलांनी त्याच डॉक्टरांचे कागद पुढे केले : साक्षीदार गोंधळलेला होता. वरच्या कोर्टाने ते बाजूला ठेवले. कागद साक्षीच्या नंतरचे आणि साक्षीदाराचं उत्तर ठाम. ते न्यायाधीश बरोबर बोलले, त्या सगळ्या प्रकरणात त्यांनाच माझ्याबद्दल खरं कळलं. गेल्या मंगळवारी तू कचेरीत असताना मी गुपचूप आपल्या वकिलांकडे गेलो. रस्ता चुकलो नाही. त्यांना सगळं सांगितलं, म्हटलं, प्रतिज्ञापत्र करून द्या, मला खोट्या साक्षीची जी काही शिक्षा व्हायची ती होऊ द्या. त्यांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाले की आता कुठलंही दार उघडं नाही, आणि असतं तरी तुमच्या या बोलण्याला काय किंमत? तुम्हाला विस्मरण होतं असा कागद आपणच कोर्टात दिलाय. निघताना त्यांनी मला रिक्षात बसवलं आणि रिक्षावाल्याला घरचा पत्ता दोनदा सांगितला. तुला कळवतो म्हणाले होते. कळवलं नसावं, नाहीतर तू त्या रात्री माझ्या खिशात पत्त्याची चिठ्ठी घातली असतीस.

तेव्हा या पत्राने तुझं काही परत येणार नाही. शब्द त्यांचा झाला, खोली गेली, सात वर्षं गेली. मी क्षमाही मागत नाही. ती तू एका आजारी म्हाताऱ्याला केव्हाच दिली आहेस आणि तो म्हातारा अस्तित्वातच नाही. पण रविवारी तू गॅलरीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होतीस ते मी ऐकलं. समुद्रापलीकडच्या त्या मोठ्या हॉस्पिटलने तुझा प्रोग्रॅम पाहिलाय, त्यांना तू हवी आहेस, नवं सगळं तुझ्या हाताने उभं करायला, आणि उद्यापर्यंत उत्तर हवंय. तू म्हणालीस, ‘नाही जमणार. बाबांना एकटं ठेवता येत नाही.’ आणि फोन ठेवून आत येऊन हसत मला विचारलंस, चहा घेणार का. एकदा तुझं सगळं घालवलं तेव्हा मला एक क्षण मिळाला होता आणि मी तुझी हललेली मान बघूनही तो वाया घालवला. आज मला तू परत येईपर्यंत, संध्याकाळी सहापर्यंत वेळ आहे. माझं डोकं शाबूत आहे, ठकू. मला गॅस बंद करता येतो, मला घड्याळ काढता येतं, मी एकटा राहू शकतो. मी आजारी नाही, मी वाईट वागलो. उद्या त्यांना हो म्हण. हे वाचून तुला माझं तोंडही बघावंसं वाटणार नाही, मग तर जाणं सोपंच होईल. माळ्यावरची मोठी बॅग मी उतरवून पुसून तुझ्या पलंगावर ठेवली आहे. तू येशील तेव्हा मी आतल्या खोलीत असेन. दार लावून घेतो, म्हणजे तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही.

तुझाच,
ज्याला सगळं आठवतं तो,
बाबा